खाली मुळा, वर कोबी: सामायिक विज्ञानकथा-विश्वासाठी संकरित परग्रहवासी कसे घडवावेत

१९२०च्या दशकात गिओर्गी कार्पेचेंको या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने मुळा आणि कोबी यांचा संकर केला. जमिनीखाली मुळा आणि वर कोबीचा गड्डा असं दुहेरी पीक मिळालं असतं तर बहारच होती. उगवलं ते नेमकं उलटं: पाला मुळ्याच्या वळणाचा आणि मुळं कोबीची. खाण्याजोगं काहीच हाती लागलं नाही.

सामायिक विश्वात दहा-पंधरा जण एकाच नकाशावर आणि एकाच कालरेषेवर लिहीत असतात. तिथे नवा लेखक आला की त्याची पहिली संकरित प्रजाती हमखास ‘खाली मुळा, वर कोबी’ छापाची असते. एका बाजूचं बळ, दुसऱ्या बाजूची बुद्धी आणि तोटा शून्य. बाकीचे लेखक तिचं कौतुक करतात आणि तिला हात लावत नाहीत, कारण जिला कशाचीच अडचण नाही तिच्यावर कथा लिहायची कशी?

पुढे सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. येलाक ही कल्पित प्रजाती एका ताऱ्याच्या बाहेरच्या ग्रहावर राहते: गुरुत्व पृथ्वीच्या ०.६ पट, हवा थंड आणि विरळ, उंची २.४ मीटर, चार हात, तीक्ष्ण नजर, निळं रक्त. तुमक त्याच ताऱ्याच्या आतल्या ग्रहावरचे: गुरुत्व १.२ पट, वस्ती बोगद्यांत, उंची १.१ मीटर, डोळे नाहीत, जमिनीतली थरथर तळव्यांनी ‘ऐकतात’. या दोघांच्या संकराला ओशेर म्हणू.

पायरी १: आईबापांच्या मालकांना विचारा

संकराला दोन पालक प्रजाती लागतात आणि त्या बहुधा दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या असतात. दोघांचीही माहितीपत्रकं आधी पूर्ण वाचा, मग त्यांच्या लेखकांना चार ओळींत विचारा: कोणती प्रजाती, कोणत्या काळात, कुणाशी संकर, आणि त्यामुळे मूळ प्रजातीच्या इतिहासात काय नवं येतं. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. ‘तुमकांची कुणीतरी बीजांडं घेतली’ असं तुम्ही लिहिलंत की तुमकांच्या इतिहासात एक प्रकरण वाढलं, आणि ते त्यांच्या लेखकाला मंजूर असायला हवं.

परवान्याकडेही बघा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (लेखकाने आपलं लेखन इतरांना वापरू देण्याच्या तयार परवान्यांच्या) परवान्यात ‘एनडी’ (फेरफार नको) ही अक्षरं असतील तर त्या मजकुरावर आधारलेली नवी रचना प्रसिद्ध करता येत नाही. ‘बाय-एसए’ (श्रेय द्या, तोच परवाना ठेवा) परवान्यातून घडलेली रचना त्याच परवान्याखाली द्यावी लागते. ‘बाय-एनसी-एसए’चीही (यात व्यापारी वापरही नको) तशीच अट आहे. म्हणून एका पालकाचं पत्रक ‘बाय-एसए’खाली आणि दुसऱ्याचं ‘बाय-एनसी-एसए’खाली असेल तर दोन्हींचा मजकूर एकत्र करून एक पत्रक काढता येत नाही. कॉपीराइट मांडणीवर असतो, नुसत्या कल्पनेवर नसतो हे खरं, पण त्या वादात शिरण्यापेक्षा सगळ्या विश्वाला पहिल्या दिवसापासून एकच परवाना ठेवणं कितीतरी सोपं.

पायरी २: संकर झाला कसा, ते ठरवा

दोन वेगळ्या ताऱ्यांभोवती स्वतंत्रपणे उपजलेल्या जीवांना मिलनातून मूल होणार नाही. शरीराची ठेवण जुळते की नाही हा प्रश्न फार पुढचा. त्याच्या आधीच घोडं पेंड खातं. पृथ्वीवरचे झाडून सगळे सजीव चार अक्षरांच्या डीएनएवर चालतात. तीन-तीन अक्षरांचे ६४ शब्द होतात आणि त्यांतून प्रथिनांची २० नेहमीची अमिनो आम्लं ठरतात. अशा रेणूंची डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखी दोन आरशातली रूपं असू शकतात; ही अमिनो आम्लं ‘डाव्या हाताची’ असतात आणि डीएनएतली शर्करा ‘उजव्या हाताची’. दुसरीकडे उपजलेल्या जीवांनी हीच अक्षरं, हाच कोश आणि हाच हात उचलला असेल असं मानायला काही आधार नाही. हात उलटा निघाला तर एकाचं जेवण दुसऱ्याच्या अंगी लागणार नाही, मग मूल होणं दूरच राहिलं.

मग वाटा कोणत्या उरतात?

समान पूर्वज ही पहिली. मंगळावरून उडालेले दगड उल्का म्हणून पृथ्वीवर सापडले आहेत, म्हणजे ग्रहाग्रहांत दगडांची ये-जा होते. २०१७ साली सात ग्रह जाहीर झालेला ट्रॅपिस्ट-१ हा तारा सुमारे ४० प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचे सातही ग्रह बुधाच्या कक्षेहून लहान जागेत फिरतात. अशा दाटीत दगडाबरोबर सूक्ष्मजीवही पोचले, असं लिहायला वाव आहे. पण तेवढ्याने भागत नाही. जनुकीय कोश माणसाचा आणि अळंबीचाही एकच आहे. मिलन व्हायचं तर दोन वंश अलीकडेच वेगळे झालेले हवेत, म्हणजे कुणीतरी एका ग्रहावरचे लोक उचलून दुसऱ्यावर नेलेले हवेत. अपवाद असतात. हंगेरीत रशियन स्टर्जन आणि अमेरिकन पॅडलफिश यांची चुकून पिल्लं झाल्याचं २०२०मध्ये प्रसिद्ध झालं, आणि या माशांचे वंश सुमारे १८.४ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले होते. ‘हे अशक्यच’ म्हणून कुणी अडून बसलं तर हे उदाहरण पुढे करा. आपली प्रजाती मात्र अपवादाच्या पायावर उभी करू नका.

दुसरी वाट प्रयोगशाळेची. ही घेतलीत तर कुणी केलं, कुणाच्या पैशांनी आणि कोणत्या कामासाठी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं पत्रकात असलीच पाहिजेत. ‘वैज्ञानिकांनी कुतूहलापोटी’ हे उत्तर धरलं जात नाही.

तिसरी सहजीवनाची. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. एलिसिया क्लोरोटिका नावाची समुद्री गोगलगाय खाल्लेल्या शैवालातली हरितलवकं पचवून न टाकता आपल्या पेशींत महिनोन्‌महिने सांभाळते. इथे जनुकं जुळण्याची अट बरीच सैल होते, म्हणून दोन ताऱ्यांच्या जीवांसाठी ही वाट सगळ्यांत सोयीची.

चौथी वाट शरीराला हातच लावत नाही: जन्म एका लोकांत, वाढ दुसऱ्या लोकांत. नवे लेखक तिच्याकडे वळत नाहीत, कारण चित्र काढायला काही मिळत नाही. आमच्या मते सामायिक विश्वात सगळ्यांत जास्त कथा याच वाटेने येतात.

ओशेर दुसऱ्या वाटेचे. येलाकांची खाणयंत्रं आतल्या ग्रहावर आहेत, पण तिथलं दुप्पट गुरुत्व येलाकांना झेपत नाही. तुमकांना ते झेपतं, पण यंत्रांच्या पडद्यांवरचे आकडे त्यांना दिसत नाहीत. आकडे वाचणारं आणि छत कोसळण्याआधीची थरथर तळव्यांना कळणारं कुणीतरी खाणमालकांना हवं होतं. ओशेर जन्माला आले ते या गरजेतून, आणि त्यांचं राजकारणही तिथूनच सुरू होतं.

पायरी ३: वारशाचा तक्ता

कागदावर बारा ओळी आखा: उंची व वजन, अवयवांची संख्या व बळ, कातडी, रक्त व श्वास, आहार, दृष्टी, ऐकणं व स्पर्श, आवाज, झोप, आयुर्मान, प्रजनन, बालपणाचा काळ. प्रत्येक ओळीपुढे पाचांपैकी एक शेरा लिहा: पहिल्या पालकाचं, दुसऱ्याचं, मधलं, नवं, हुकलं.

‘मधलं’ तीनपेक्षा जास्त ओळींत येऊ देऊ नका. सगळंच मधलं असेल तर प्रजाती पाण्यात कालवलेल्या रंगासारखी फिकट होते. ‘हुकलं’ निदान दोन ओळींत हवं, म्हणजे दोन्ही पालकांना जे जमतं ते संकराला जमत नाही. ‘नवं’ एकदाच, फार तर दोनदा. त्यालाही निसर्गात आधार आहे: सिंह आणि वाघीण यांचा लायगर दोन्ही पालकांहून मोठा होतो; वाघ आणि सिंहीण यांचा टायगॉन तसा वाढत नाही. जनुकं त्याच दोन प्रजातींची असली तरी आई कोण आणि बाप कोण यावर फरक पडतो. म्हणून बीजांड कुणाचं ते तक्त्याच्या डोक्यावरच लिहा. ओशेरांसाठी ते तुमकांचं.

आता एक ओळ जवळून बघू. ‘ऐकणं व स्पर्श’ या ओळीपुढे पहिल्या खर्ड्यात ‘तुमकाचं’ एवढंच होतं. मग प्रश्न आला: ओशेर येलाकांच्या तळावर गेला तर? तिथे जमीन म्हणजे लोखंडी जाळी, खाली पंप चोवीस तास चालू. अनवाणी उभा राहिला तर हा कोलाहल सतत अंगात शिरत राहणार. जाड तळव्याचे बूट घातले तर कोलाहल थांबेल, पण मागून कोण येतंय तेही कळायचं बंद होईल. म्हणजे येलाकांत वावरताना ओशेराला दरवेळी निवड करावी लागते: त्रास सोसायचा की अर्धं बहिरं व्हायचं. त्याच्या पायात बूट आहेत की नाहीत एवढ्यावरून त्याचा कुणावर किती विश्वास आहे ते वाचकाला कळतं. तक्त्याच्या बारा ओळींपैकी दोन-तीनदा तरी असं काही सापडायला हवं. सापडत नसेल तर त्या प्रजातीला रोजच्या जागेत नेऊन बघा: जेवायला बसताना, झोपताना, रांगेत उभं असताना.

रक्ताबद्दल एक सावधगिरी. निळं रक्त तांब्यावर चालणाऱ्या हिमोसायनिनमुळे येतं. ऑक्टोपसात आणि हॉर्सशू खेकड्यात ते असतं. पण ते निळं दिसतं ऑक्सिजन धरलेला असताना. ऑक्सिजन सोडून परतणारं रक्त जवळपास बिनरंगी असतं, तेव्हा प्रत्येक जखमेतून शाईसारखी निळी धार काढू नका. ओशेरांना लोह आणि तांबं दोन्ही लागतं; खाणीतल्या अन्नात तांबं नाही, ते येलाकांच्या गोदामातून येतं. गोदामाची किल्ली ज्याच्याकडे, ओशेर त्याच्या मुठीत.

पायरी ४: आकडे एकदा चाळून घ्या

इथे दोन चुका पुन्हा पुन्हा होतात.

पहिली आकाराची. ठेवण तीच ठेवून उंची दुप्पट केली तर वजन आठपट होतं, हाडांचा छेद मात्र चौपटच. तुमकाचं वस्तुमान ६० किलो धरू. तीच ठेवण १.१ वरून १.७ मीटरपर्यंत ताणली तर उंची सुमारे १.५५ पट, वस्तुमान सुमारे ३.७ पट, म्हणजे जवळजवळ २२० किलो. हाडांचा छेद २.४ पट. हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर दीडपट भार आला, तोही १.२ पट गुरुत्वात. म्हणून ओशेरांची ठेवणच बदलून अंग सडपातळ करावं लागलं: ११० किलो. सडपातळ अंगाला तुमकांची ताकद राहिली नाही, आणि ‘अवयवांची संख्या व बळ’ या ओळीत बळापुढे ‘हुकलं’ आपोआप आलं.

दुसरी चूक वस्तुमान आणि वजन यांची गल्लत. ११० किलोचा ओशेर बाहेरच्या ग्रहावर गेला तर त्याचं वजन निम्मं होतं, वस्तुमान तेवढंच राहतं. तो उंच उडी मारेल, पण धावत जाऊन भिंतीवर आदळला तर मार तेवढाच बसेल. शिवाय हाडं भारावर जगतात. अंतराळस्थानकातल्या वजनरहित अवस्थेत माणसाच्या खुब्याच्या हाडाची घनता व्यायामाविना महिन्याला १ ते १.५ टक्क्यांनी घटते. ०.६ म्हणजे शून्य नव्हे, घट सावकाश होईल, पण दोन वर्षं तिकडे काढून परतलेल्या ओशेराला खाणीत पहिल्या आठवड्यातच हाड मोडण्याची भीती राहील. कथेत कुणी भराभर ये-जा करायला लागलं तर या ओळीकडे बोट दाखवा.

तापमान, हवेचा दाब, दिवसाची लांबी यांची एक-एक ओळ पुरे. तिथे फार रेंगाळू नका.

पायरी ५: दुसरी पिढी

पत्रकातली सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त वेळा कोरी राहिलेली जागा ही. संकराला मुलं होतात का, या एका उत्तरावर समाज, भाषा, लोकसंख्या, कायदा सगळं ठरतं.

घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचर जवळपास नेहमीच वांझ. कार्पेचेंकोच्या मुळा-कोबीतही तसंच होतं: दोन्ही पालकांची गुणसूत्रं १८-१८, पण नऊ मुळ्याची आणि नऊ कोबीची एकत्र आली तेव्हा जोडीदारच मिळेना. काही बियांत गुणसूत्रं दुप्पट होऊन ३६ झाली तेव्हा झाड फळलं, आणि ते दोन्ही पालकांपासून वेगळंच पडलं. तुमच्या प्रजातीतही कुणी हा ‘दुप्पट’ मार्ग शोधला तर ती घटना कालरेषेवर तारखेसह लिहावी एवढी मोठी आहे.

मधल्या शक्यताही आहेत. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२मध्ये मांडलेला नियम असा: संकरात एकच लिंग वांझ, दुर्मिळ किंवा गैरहजर असेल तर ते बहुधा दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं असलेलं असतं, सस्तन प्राण्यांत नर आणि पक्ष्यांत मादी. ‘अर्धे ओशेर वांझ’ असं लिहायचं असेल तर कोणते अर्धे, ते इथून ठरवा.

त्याहून नवलाची एक युरोपातली बेडकाची जात आहे, पेलोफिलॅक्स एस्क्युलेंटस. ती दोन जातींचा संकर आहे, पण अंडी किंवा शुक्राणू तयार करताना एका पालकाची सगळी जनुकं टाकून देते आणि दुसऱ्याचीच पुढे देते. संकर टिकवायचा तर टाकलेल्या पालकाच्या जातीशी दरवेळी पुन्हा जुळवावं लागतं. हीच रचना एखाद्या बुद्धिमान प्रजातीला लावून बघा: तिची प्रत्येक पिढी एका शेजारी लोकांवर अवलंबून, आणि त्या लोकांना ते पक्कं ठाऊक.

ओशेरांसाठी वांझपण निवडलं आहे. आता गुणाकार करा. प्रयोगशाळा वर्षाला ४० ओशेर घडवते आणि सुरू होऊन ३० वर्षं झाली. म्हणजे आजवर १,२०० जन्मले, मेलेले वजा जाता त्याहून कमी. सगळ्यांत थोरला तिशीचा. म्हातारे नाहीत, आजी-आजोबा नाहीत, मातृभाषा नाही, गाव नाही. कुणी ‘ओशेरांचं प्राचीन महाकाव्य’ किंवा ‘पांढऱ्या केसांचा ओशेर मुखिया’ लिहिला की पत्रक मोडलं. उलट तीस वर्षांच्या माणसालाच सगळे ‘थोरले’ म्हणतात, आणि आपल्याला म्हातारपणी काय होतं हे त्यालाही ठाऊक नाही, हे लिहिता येतं. हा गुणाकार दोन मिनिटांचा आहे, पण तो न केल्यामुळे पुढे सहा लेखकांच्या सहा कथांत लोकसंख्या शंभरापासून दहा लाखांपर्यंत फिरत राहते.

पायरी ६: नाव, आणि नावाचं व्याकरण

दोन पालकांची नावं कापून चिकटवू नका. ‘येलमक’ किंवा ‘तुमलाक’ वाचलं की वाचकाला औषधाची गोळी आठवते. संकराला निदान तीन नावं असतात: एका पालकाच्या लोकांनी दिलेलं, दुसऱ्यांनी दिलेलं, आणि स्वतः घेतलेलं. पत्रकाच्या शीर्षकात तिसरं ठेवा.

मराठीत लिहिताना नाव विभक्तीत घालून बघणं अत्यावश्यक. ओशेर, ओशेराला, ओशेरांनी, ओशेरांच्यात: चाललं. ‘क्झ्र्युल्थ्स’ला ‘-नी’ लावून बघा म्हणजे कळेल. शब्दात एकापेक्षा जास्त अवघड जोडाक्षर नको, आणि शेवट शक्यतो साध्या व्यंजनाचा. मग लिंग. मराठीत क्रियापद ते विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही: ओशेर आला, आली की आलं? प्रजातीत तीन लिंगं असतील किंवा एकही नसेल तरी वाक्य लिहिताना यांपैकी एक निवडावंच लागतं. कोणतं, ते पत्रकात ठरवून टाका, नाहीतर एका कथेत ‘ती’ आणि पुढच्या कथेत ‘ते’ होऊन वाचकाला ही दोन वेगळी पात्रं वाटतात.

शिव्यांचंही आधी ठरवा. ‘भेसळ’, ‘अर्धवट’ असे शब्द पात्रांच्या तोंडी आले तर कोण बोलतंय ते दिसतं. निवेदनात आले तर ते लेखकाचं मत ठरतं. आणि दोन लोकांमधला ‘पूल’ बनून युद्ध थांबवणारा एकुलता एक संकर, हे पात्र विश्वात बहुधा आधीच दोनदा येऊन गेलेलं असतं.

पायरी ७: पत्रक आणि चाचणी

पत्रक ६०० शब्दांच्या आत. प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक खूण हवी. ‘ठाम’ म्हणजे कुणी बदलायचं नाही. ‘सैल’ म्हणजे कारण देऊन बदलता येईल. ‘मोकळं’ म्हणजे जाणूनबुजून रिकामं ठेवलं आहे, हवं ते भरा. ठाम विधानं दहाच्या वर नेऊ नका. ओशेरांची ठाम विधानं आठ आहेत, त्यांत वांझपण, तांब्याची गरज आणि ३० वर्षांचा इतिहास येतो. देवधर्म, गाणी, प्रयोगशाळा बंद पडली तर काय, हे सगळं मोकळं. नवखे लेखक नेमकं उलट करतात: दागिन्यांची नक्षी ठाम आणि प्रजनन कोरं.

चाचणीसाठी ज्यांनी तुमच्याशी या प्रजातीबद्दल चर्चा केलेली नाही असे दोन लेखक निवडा. फक्त पत्रक देऊन प्रत्येकाला ३०० शब्दांचा प्रसंग लिहायला सांगा, आणि ते लिहीत असताना मदत करू नका. त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र टिपून ठेवा. दोघांनीही विचारलेला प्रश्न म्हणजे पत्रकातलं भोक; ते बुजवा. एकानेच विचारलेला बहुधा ‘मोकळ्या’त जातो. दोघांचे प्रसंग एकमेकांशी भांडत असतील तर चूक पत्रकाची, लिहिणाऱ्यांची नव्हे.

पत्रकाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख टाका. पुढे एखादी कथा ठाम विधानाला छेद देऊन गेली, तर ती कोणत्या आवृत्तीवर लिहिली होती ते आधी बघा. जुन्या आवृत्तीशी ती जुळत असेल तर कथा तशीच राहते आणि फरकाची एक ओळ पत्रकात जाते. जुळत नसेल तर लेखकाला कळवा, आणि दुरुस्ती करायला पंधरा दिवस द्या.